लॅपटॉप स्लो झाला म्हणजे व्हायरसच असतो का?

लॅपटॉप स्लो झाला की बहुतेक घरांत निदान ठरलेलं असतं: व्हायरस शिरलाय. उपायही ठरलेला: फॉरमॅट मारून आण. फॉरमॅट मारल्यावर महिनाभर तो पळतो, मग हळूहळू मूळ पदावर येतो आणि ‘यात पुन्हा व्हायरस आला’ म्हणून दुकानाची दुसरी खेप होते. पैसे जातात ते जातातच, वर डेस्कटॉपवर राहिलेले बारशाचे फोटोही जातात.

खरं तर इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. लॅपटॉप स्लो का आहे, हा एक. त्यात कोणी घुसलंय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा व्हायरस हे नसतं. आणि दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी लॅपटॉप स्लो होईलच असं नाही. पूर्वीच्या व्हायरसना मिरवायची हौस असायची. स्क्रीनवर अक्षरं पाडायची, फाइली उडवायच्या. आता हा सरळ धंदा आहे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्राम मिनिटभरात आपलं काम उरकतो, सगळं चोराकडे पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःला पुसूनही टाकतो. तुमच्या लॅपटॉपला त्याचा काडीचा भार होत नाही. स्लो करणारे प्रकार वेगळे: तुमच्या प्रोसेसरवर गुपचूप क्रिप्टोचलन तयार करणारे मायनर आणि जाहिरातींचा भडिमार करणारे अ‍ॅडवेअर. म्हणजे स्लो लॅपटॉप पाहून घाबरणारा माणूस बहुधा उगाच घाबरतो, आणि ज्याने घाबरायला हवं तो ‘आपला तर मस्त चालतो’ म्हणून निवांत असतो.

आधी पहिला प्रश्न.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप नुकताच सुरू केला असेल तर दहा मिनिटं जाऊ द्या, कारण सुरू झाल्या झाल्या विंडोज स्वतःचीच बरीच कामं उरकत असतं. मग सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क हे तीन आकडे बघा.

नमुन्यादाखल २०१८-१९ च्या सुमारास घेतलेला एखादा लॅपटॉप घेऊ: आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. घरासाठी, कॉलेजसाठी तेव्हा असली मशिनं सर्रास घेतली जायची आणि आज ‘स्लो झालाय’ म्हणून समोर येणाऱ्यांत तीच जास्त असतात. त्यावर साधारण असं दिसतं: सीपीयू १२ टक्के, मेमरी ८७ टक्के, डिस्क १०० टक्के. लोक तो शंभरचा लाल आकडा बघतात आणि डिस्क भरली असं समजून फोटो डिलीट करायला बसतात. तो आकडा जागेचा नाही. डिस्क सतत कामात आहे, तिला क्षणाची फुरसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कवर क्लिक केलंत तर गंमत दिसेल. शंभर टक्के राबूनही ती सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी वाचत असते.

कारण यांत्रिक आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी. माहिती जिथे असेल तिथे वाचणारा दांडा सरकतो आणि तबकडी फिरून योग्य जागी येईपर्यंत थांबतो. विखुरलेली माहिती वाचायची तर असं सेकंदाला शंभरेक वेळा जमतं, फार नाही. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी नवी डिस्क, हिच्यात फिरणारं काही नसतंच, त्यामुळे साधी एसएसडीसुद्धा हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते.

त्यात रॅमची भर. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा पुरेनाशी झाली की विंडोज काही सामान माळ्यावर टाकतं आणि लागलं की पुन्हा खाली काढतं. ४ जीबीतला निम्म्याच्या आसपास भाग विंडोजच घेतं, वर क्रोमच्या आठ-दहा टॅब आणि एखादा अँटिव्हायरस आला की ही चढउतर थांबतच नाही. म्हणून रॅमची टंचाई टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या शंभर टक्क्यांच्या रूपात दिसते. अशा मशिनवर दहा वेळा फॉरमॅट मारा, फरक तात्पुरताच पडणार. एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा. तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. रॅम घेण्याआधी मॉडेल तपासून घ्या, काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच पक्की केलेली असते आणि वाढवता येत नाही.

डिस्क स्लो असणं वेगळं आणि मरायला टेकलेली असणं वेगळं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. तिथे निळ्याऐवजी पिवळ्या रंगात इशारा दिसला तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा. व्हायरस स्कॅन त्यानंतर. पूर्ण स्कॅन म्हणजे अख्खी डिस्क खरवडून वाचणं, आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. नातेवाइकांचे लॅपटॉप ‘साफ’ करून देणाऱ्या उत्साही भाच्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणखी एक जागा बघा. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू निवडला की खाली ‘अप टाइम’ दिसतो. रोज रात्री न चुकता शटडाउन करणाऱ्याच्या लॅपटॉपवरही तिथे १९ दिवस, २५ दिवस असं काहीतरी निघतं. हा घोटाळा नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असते आणि त्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू व्हायचं तर रिस्टार्टच करावं लागतं. पुष्कळ ‘व्हायरस’ एका रिस्टार्टमध्ये बरे होतात.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. स्टार्टअपच्या पानावर जाऊन स्वतःहून सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करा. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपूनही पडून असेल तर काढून टाका. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवणं तर मुळीच नको, प्रत्येक फाइल दोघंही तपासत बसतात. गादीवर ठेवून लॅपटॉप वापरू नका. पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो.

आता घुसखोराचा माग

टास्क मॅनेजरमधल्या यादीत अनोळखी नावं दिसली की लोक ती गुगलवर शोधतात, आणि पहिल्याच पानावर ‘हा व्हायरस आहे, काढण्यासाठी आमचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा’ असं सांगणाऱ्या साइट भेटतात. तसं करू नका. अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल हे संशयास्पद वाटणारं नाव खुद्द विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसचं आहे. सर्व्हिस होस्ट डझनांनी दिसतात, तेही स्वाभाविक. नावापेक्षा पत्ता बघा: नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. सर्व्हिस होस्ट विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरात निघाला तर ठीक. त्याच नावाची फाइल टेम्प किंवा अ‍ॅपडेटा फोल्डरात निघाली तर पाणी मुरतंय.

खऱ्या खुणा पुढच्या. काही उघडलेलं नसताना पंखा घोंघावतो आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर शांत होतो. काही मायनर टास्क मॅनेजर उघडलाय का यावर नजर ठेवून असतात आणि तो दिसताच दबा धरतात. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला नसतानाही डिफेंडर बंद आहे आणि चालू करायला गेलं तर होत नाही. डिफेंडरच्या ‘एक्स्क्लुजन्स’मध्ये, म्हणजे तपासणीतून वगळलेल्यांच्या यादीत, अख्खी सी ड्राइव्ह किंवा एखादं फोल्डर आहे आणि ते तुम्ही घातलेलं नाही. ही यादी फारसं कोणी उघडत नाही, तुम्ही आज उघडून बघा. घरच्या लॅपटॉपवर क्रोमच्या मेन्यूत तळाशी ‘तुमची संस्था हा ब्राउझर नियंत्रित करते’ अशा अर्थाची ओळ दिसते, सर्च भलत्याच साइटवरून होतो, आणि न टाकलेली एक्स्टेन्शन काढली तरी परत येतात. काही अँटिव्हायरसही ती ओळ आणतात, पण बाकीच्या खुणा जोडीला असतील तर शंका घ्या.

उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी ‘तुमच्या संगणकात १३ व्हायरस सापडले’ असं येत असेल, तर तो बहुधा व्हायरसही नाही आणि अँटिव्हायरसही नाही. कधीतरी पिक्चर किंवा मॅच फुकट बघायला एखाद्या साइटवर गेलात, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं, तुम्ही दाबलंत. त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथल्या अनोळखी साइट काढून टाकल्या की ‘व्हायरस’ गेला. पूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारं आणि फोन नंबर देणारं पान आलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीच देत नाही. फोन केलात की पलीकडचा अत्यंत नम्र माणूस एनीडेस्क, म्हणजे लॅपटॉपचा ताबा दुरून देणारा प्रोग्राम, टाकायला सांगतो, आणि पुढचं सांगायला नको. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

२०२४ पासून याचीच एक वाईट बहीण फिरतेय. ‘रोबोट नाही’ सिद्ध करायला पान सांगतं: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. पानाने आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, एक आज्ञा ठेवलेली असते, आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. अँटिव्हायरसलाही हे तुम्हीच केल्यासारखं दिसतं. पासवर्ड चोरणारा लुमा याच वाटेने खूप पसरला. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये त्याच्यावर कारवाई करताना सांगितलं की दोन महिन्यांत जगभरातले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक त्याने बाधित केले होते. ‘रोबोट नाही’ हे सिद्ध करायला कुठलीही खरी साइट विंडोज-आर दाबायला सांगत नाही.

साफसफाई, पण योग्य क्रमाने

शंका पक्की वाटली तर आधी वायफाय बंद. मग लॅपटॉपला हात न लावता मोबाइलवरून मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. नंतर बँक आणि बाकीचं. बाधित लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे नवा पासवर्डही चोराला देणं. साइन आउट का, तर तुम्ही लॉगिन केल्याची खूण ब्राउझर कुकीमध्ये जपून ठेवतो, आणि ती कुकी चोरली की चोराला पासवर्डही लागत नाही, ओटीपीही लागत नाही. पासवर्ड बदलून थांबणारे इथेच फसतात.

त्यानंतर फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढा. फक्त फोटो आणि कागदपत्रं. सेटअपच्या फाइली नकोत.

मग वायफाय तेवढ्यापुरतं चालू करून डिफेंडर अपडेट करा, एक्स्क्लुजन्समधल्या अनोळखी नोंदी काढा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधल्या स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवडा. लॅपटॉप रिस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू न होता एका वेगळ्या, छोट्या वातावरणात तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. हा खटाटोप अशासाठी की विंडोज चालू असताना मालवेअर, म्हणजे कुठलाही घातक प्रोग्राम, अँटिव्हायरसच्या नजरेआड राहू शकतो. विंडोजच झोपलेलं असताना त्याला लपायला आधार राहत नाही. एक सावधगिरी: लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन तुम्हाला न विचारता चालू असतं आणि की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

ऑफलाइन स्कॅननंतर एक फुल स्कॅन करा आणि दुसरं मत घ्या. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर मोफत आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही आणि डाउनलोड केल्यापासून १० दिवसांनी निकामी होतो, म्हणजे शिळा स्कॅनर वापरायची सोयच नाही. मालवेअरबाइट्सचा मोफत स्कॅनही चांगला. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथे भारतीय कंपन्यांची मोफत साधनं मिळतात. त्यात पुण्याच्या क्विक हीलचंही. ही कंपनी मुळात अशाच तक्रारींतून उभी राहिली. कैलाश काटकर यांचं पुण्यात दुरुस्तीचं दुकान होतं, व्हायरस लागलेले संगणक तिथे यायचे, आणि धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहायला घेतला.

पेनड्राइव्हबद्दल थोडं सविस्तर, कारण हा प्रकार आपल्याकडे मरत नाही. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आलात, पेनड्राइव्ह लावला, आणि आत फोल्डरांच्या जागी फोल्डरांचे शॉर्टकट. आयकनच्या कोपऱ्यात छोटा बाण, साइज एक-दोन केबी. डबल क्लिक केलं तर फोल्डर उघडतोही, म्हणून कोणाला संशय येत नाही; पण त्याच क्लिकने मागे व्हायरसही चालू होतो आणि तुमच्या लॅपटॉपमधून पुढच्या पेनड्राइव्हवर जायला सज्ज होतो. मूळ फाइली कुठेही गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. तेव्हा पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. आधी तो डिफेंडरने स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हिडन फाइल्स दाखवा’ निवडा आणि त्याच्याच खाली असलेल्या ‘संरक्षित सिस्टिम फाइल्स लपवा’वरची खूण काढा. नुसत्या पहिल्या पर्यायाने बहुधा काही दिसत नाही. तुमचं सामान फिकट रंगात दिसेल, ते सुरक्षित जागी कॉपी करा, आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी प्रिंटसाठी रिकाम्या पेनड्राइव्हवर तेवढी एकच पीडीएफ न्या.

फॉरमॅट कधी, आणि कसा

पासवर्ड चोरणारा किंवा बाहेरून ताबा देणारा मालवेअर सापडला असेल, डिफेंडर काही केल्या चालू होत नसेल, किंवा साफ केलेली गोष्ट परत परत येत असेल, तर फॉरमॅटच बरा. तेव्हा भावनिक होऊ नका. फाइलींची नावं विचित्र शेपट्या लागून बदलली असतील आणि खंडणीची चिठ्ठी मिळाली असेल तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा प्रकार. पैसे देण्याआधी नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये ती सुरू केली आणि बऱ्याच प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट आहेत. आज किल्ली नसली तरी लॉक झालेल्या फाइली जपून ठेवा, ती नंतरही येऊ शकते.

फॉरमॅट मारूनही व्हायरस परत येतो याचं एक अगदी देशी कारण आहे: डी ड्राइव्ह. दुकानदार सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, डी तशीच ठेवतो, आणि त्या डीवर ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर असतं. त्यात क्रॅक केलेलं ऑफिस, फोटोशॉप, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारं टूल. नवं विंडोज बसलं की पहिल्या तासाभरात तेच टूल पुन्हा चालवलं जातं. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्याच्या सूचनांतली पहिली ओळ असते आणि आपण इमानेइतबारे ती पाळतो.

यातला खेदाचा भाग असा की बऱ्याच जणांना त्या टूलची गरजच नसते. लॅपटॉप घेताना त्यात अस्सल विंडोज आलेलं असेल, तर विंडोज ८ पासून त्याची की बोर्डवरच्या चिपमध्येच असते. तीच एडिशन, म्हणजे होम असेल तर होम, पुन्हा टाकली की इंटरनेट मिळताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. दुकानदार सवयीने प्रो टाकतो, त्याला तुमची की चालत नाही, आणि मग क्रॅक येतो. तेव्हा लॅपटॉप देतानाच सांगा, आहे तीच एडिशन टाका. घरी करायचं तर दुसऱ्या स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि त्यावरून विंडोज टाका. तेवढं नको असेल तर सेटिंग्जमधल्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. ४ जीबीच्या आसपास डेटा लागतो. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस मोफत आहे, मराठी युनिकोडही त्यात नीट चालतं.

विंडोज १० वापरणाऱ्यांना आणखी एक हिशेब करावा लागेल. त्याचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती ग्राहकांना ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. लॅपटॉप त्याहून जुना असेल आणि काम ब्राउझर, मेल, पीडीएफ एवढंच असेल, तर एसएसडी टाकताना त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवून बघा. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच चालवून पाहता येतं, त्यामुळे प्रिंटर आणि वायफाय चालतात की नाही ते आधीच कळतं.